साडेबारानंतर काय?

दुपारी बारा-साडेबाराला पुण्यातल्या धायरीच्या रस्त्यांचं रूप पालटतं. सकाळी फाट्याकडे उतरणारी गर्दी ओसरलेली असते, भाजीवाले गाडीवर ताडपत्री ओढून जरा टेकलेले असतात, आणि तेवढ्यात उंबऱ्या गणपती चौकाच्या आसपास, रायकर मळ्याकडे, बेनकर वस्तीकडे, डीएसके विश्वच्या चढावर छोट्या व्हॅन दिसायला लागतात. प्रीस्कूल सुटलेली असतात. आत अडीच-तीन-चार वर्षांची मुलं, गळ्यात आयकार्ड, पाठीवर अस्वलाचं चित्र असलेलं दप्तर. काही जण घरी जातात, आजी खाली उभी असते. काही जण मात्र एका दारातून निघून दुसऱ्या दारात उतरतात, पाळणाघराच्या. तिथे आईनं सकाळीच नेऊन ठेवलेली दुसरी पिशवी असते. तीत एक जोडी कपडे, डबा, पांघरूण आणि ज्याच्याशिवाय डोळा लागत नाही ते जुनं फडकं किंवा कान तुटलेला कापडी ससा.

एका मुलाच्या दोन पिशव्या, दोन ठिकाणी भरायची फी, आई-बाबांच्या फोनवर दोन व्हॉट्सॲप ग्रुप. एका ग्रुपवर ‘यलो डे’चे फोटो, दुसऱ्यावर ‘आज नीट जेवला नाही, रात्री लवकर भरवा’ असा निरोप. मूल दोन वर्षांचं झालं की इथल्या घराघरात जो वाद सुरू होतो तो या दोन ग्रुपांमधला आहे. नावाजलेलं, महागडं प्रीस्कूल बघायचं, की कोपऱ्यावरच्या काकूंचं साधं पाळणाघर पुरे? सासूबाई गावाहून फोनवर विचारतात, एवढ्याशा लेकराला कसली शाळा? लिफ्टमध्ये भेटलेली शेजारीण विचारते, अजून कुठेच नाही घातलं? दोन्ही प्रश्नांनी आई सारखीच कानकोंडी होते. बाबांना हे सहसा कुणी विचारत नाही.

हा वाद धायरीत इतका का पेटतो, ते धायरी कशी वाढली हे पाहिलं की कळतं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ज्यांनी इथे जागा घेतली त्यांना धायरेश्वराच्या आसपासची शेतं आठवतात. गाव ऑक्टोबर २०१७ मध्ये इतर दहा गावांबरोबर पुणे महापालिकेत आलं, पण इमारती त्याच्या कितीतरी आधी येऊन उभ्या राहिल्या होत्या. पाणी टँकरचं, रस्ता अरुंद, तरी फ्लॅट आवाक्यातला. म्हणून सोलापूर, लातूर, बीड, जळगाव, सातारा इथून पुण्यात नोकरीला आलेल्या जोडप्यांनी धायरी, नऱ्हे, आंबेगाव भरून टाकलं. त्यांचे आई-वडील गावी आहेत आणि गावी त्यांना त्यांची कामं आहेत. रान आहे, जनावर आहे, अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत. सुनेच्या बाळंतपणाला आजी येते, सहा महिने राहते, मग पेरणीला परत जाते. तिथून पुढे बाळ कुणाकडे, हा प्रश्न.

आणि नोकरी काही धायरीत नाही. नऱ्ह्याच्या लघुउद्योगांत किंवा सिंहगड रस्त्यावरच्या दुकानांत काम करणारे सोडले, तर बाकीच्यांचा रस्ता नवले पुलावरून बायपासला लागतो आणि वारजे, चांदणी चौक, बावधन करत हिंजवडीला पोचतो. विसेक किलोमीटरचं अंतर. वेळ मात्र किलोमीटरवर ठरत नाही. दुसऱ्या बाजूला खराडी, तिकडे तर अख्खं शहर ओलांडून जायचं. सिंहगड रस्त्यावर राजाराम पूल ते फन टाइम या पट्ट्यात २०२४-२५ मध्ये उड्डाणपूल झाले, त्यानं थोडी मोकळीक आली. पण सकाळी साडेआठला निघालेली आई संध्याकाळी साडेसहा-सातच्या आत परत येत नाही, हा हिशेब त्यानं बदललेला नाही. दहा तास. प्रीस्कूल चालतं तीन तास. उरलेल्या सात तासांवर ब्रोशरमध्ये एक ओळ नसते. असलीच तर ‘डे-केअर फॅसिलिटी अव्हेलेबल’ एवढी, आणि तिची फी वेगळी.

पालक प्रीस्कूलची तुलना पाळणाघराशी करतात तेव्हा खरं तर ते तीन तासांची तुलना दहा तासांशी करत असतात. जरा कागदावर मांडू. आकडे उदाहरणाचे आहेत, आपापल्या गल्लीतले घालून पाहावेत. समजा, प्रीस्कूलची वर्षाची फी ९०,००० रुपये. सुट्ट्या वगळून शाळा भरते २०० दिवस, रोज ३ तास. म्हणजे ६०० तास, तासाला १५० रुपये. पाळणाघराचे महिन्याला ६,०००, वर्षाचे ७२,०००. वर्षात २८० दिवस, रोज ९ तास, म्हणजे २,५२० तास. तासाला २९ रुपयेही पडत नाहीत. ज्या तीन तासांत मूल गाणी म्हणतं, त्यांचा भाव पाचपट. ज्या सात तासांत ते जेवतं, झोपतं, पडतं, रडतं, शी करतं, भांडतं आणि बोलायला शिकतं, त्यांचा भाव पार्किंगच्या भावाजवळ.

या भावामागे आयकर खात्याचाही थोडा हात आहे. जुन्या करपद्धतीत ८० सी खाली मुलांच्या ट्यूशन फीची वजावट मिळते आणि पूर्णवेळ शिक्षणात प्ले-स्कूल, प्री-नर्सरी आणि नर्सरी धरली जाईल, असं खात्याच्या परिपत्रकात लिहिलेलं आहे. पाळणाघराच्या पावतीला तिथे जागा नाही. बाळ सांभाळणं हा खर्च, बाळाला ‘ए फॉर ॲपल’ शिकवणं ही गुंतवणूक, असं सरकारी कागदच सांगतो. मग घरातल्यांनी वेगळं का मानावं?

महागड्या प्रीस्कूलचा धंदा आपल्याकडे तसा जुना नाही. लीना अशर यांनी मुंबईत १९९३ मध्ये कांगारू किड्स काढलं, २००१ मध्ये युरोकिड्स आलं, २००३ मध्ये किडझी. यातल्या पुढच्या साखळ्यांनी फ्रँचायझीची वाट रुंद केली. बंगला किंवा इमारतीचा तळमजला असलेला कुणीही फी भरून नाव, रंग, पुस्तकं, युनिफॉर्म आणि अभ्यासक्रम विकत घेऊ शकतो. त्यात गैर काही नाही. तयार अभ्यासक्रमामुळे अगदीच भोंगळ कारभार टळतो. प्रश्न एवढाच, की पालकाची फी कुठे कुठे झिरपते. पुन्हा उदाहरण. एका वर्गात २० मुलं, प्रत्येकी ९०,०००, म्हणजे वर्गाचे १८ लाख. टीचरला महिन्याला १५,००० आणि मदतनीस मावशींना ९,००० दिले, तर वर्षाचे दोघींचे मिळून २ लाख ८८ हजार. रुपयातले सोळा पैसे. बाकीचे चौऱ्याऐंशी पैसे भाडं, एसी, रंगीत गवत, ॲन्युअल डेचा हॉल, जाहिरात, मूळ कंपनीचा वाटा आणि मालकाचा नफा यांत जातात. मुलाच्या अंगाला ज्यांचा हात लागतो त्या दोघींना त्यातलं थोडकंच मिळतं. प्रीस्कूल बघायला गेलेल्या आई-बाबांनी स्मार्ट बोर्ड किती इंचाचा हे विचारण्याआधी टीचर इथे किती वर्षं आहेत हे विचारावं, असं माझं मत याच हिशेबातून झालंय. जूनमध्ये जिच्या गळ्यात पडून मूल रडायचं थांबलं, ती टीचर दिवाळीनंतर दोन हजार जास्त देणाऱ्या शाळेत गेलेली असते. मूल पुन्हा रडायला लागतं आणि आई म्हणते, सेटलच होत नाही.

पाळणाघराची बाजू घ्यायची म्हणून त्याला देव्हाऱ्यात बसवायला नको. धायरीतली साधी पाळणाघरं म्हणजे बहुतेक रो-हाउसचा खालचा हॉल किंवा टू बीएचकेमधली बाहेरची खोली. चालवणाऱ्या काकू चाळिशी-पन्नाशीच्या, स्वतःची मुलं मोठी झालेली. हाताखाली एक मावशी. भिंतीवर पंचांगाशेजारी फळांचा तक्ता. दुपारी एकला चटई पसरतात. डबे उघडले की प्रत्येक घराची गोष्ट कळते: एकाच्या डब्यात भाकरी कुस्करून दूध, एकाच्या डब्यात मॅगी, एकीचा डबा रोज तोच, वरणभात, कारण आई दुसरं काही करायच्या आत बस पकडते. काकूंना हे पाठ असतं. कुणाला तूप चालत नाही, कोण वाटीतूनच खातो, कोण ‘माझं मी’ म्हणून अर्धं सांडतो आणि ते सांडू द्यायचं असतं. दीड वाजता पडदे ओढले जातात. मी पाहिलेल्या एका हॉलमध्ये काकू दोन्ही हातांनी दोघांना थोपटत होत्या आणि पायानं तिसऱ्याची झोळी हलवत होत्या. तोंडानं चौथीला, उठून बसलेलीला, बाबा येईपर्यंत काय काय करायचं ते सांगत होत्या. दूध पिऊ, मांजर बघू, पायरीवर बसू, मग बाबाची गाडी. ती मुलगी एकेक गोष्ट मागे म्हणत होती, क्रम न चुकवता. हा कुठल्याही अभ्यासक्रमातला भाषेचा उत्तम पाठ आहे. काकूंना विचारलं तर त्या म्हणतील, झोपवतेय हो तिला.

आणि याच पाळणाघरांपैकी काहींत चार वाजता टीव्ही लागतो तो सहापर्यंत बंद होत नाही. मोटू-पतलू संपलं की छोटा भीम. मुलं गप्प असतात, काकूंनाही कणीक मळायची असते. कुठे दार एकच आणि त्याला आतून कडी, गॅसचं सिलिंडर खेळण्याच्या टोपलीपासून चार पावलांवर. कुठे सहा महिन्यांचं बाळ आणि पाच वर्षांचा दांडगा एकाच खोलीत. कुठे आकडाच सांगत नाहीत. सकाळी आठ मुलं असतात, शाळा सुटल्यावर वीस होतात आणि हात तेवढेच, दोन बायकांचे चार. स्वस्ताईत हे सगळं बसतं. पालकांना दिसतही असतं, पण जवळचं दुसरं ठिकाण भरलेलं असतं.

प्रीस्कूलच्या तीन तासांतही चांगलं पाहायला मिळतं, ते नाकारणं खोटेपणाचं होईल. रगवर गोल बसलेली मुलं, वाळूचा हौद, पाण्यात बुडणाऱ्या-तरंगणाऱ्या वस्तू, बुटक्या बेसिनवर आपले हात आपण धुणं. पाळणाघरात इतकं साहित्य क्वचित दिसतं. पण त्याच वर्गात साडेतीन वर्षांच्या मुलाला ठिपके जोडून आकडे गिरवायला बसवलेलंही दिसतं, कारण शुक्रवारी वर्कशीट घरी जायला हवी. वर्कशीट मुलासाठी नसते, फी भरणाऱ्यासाठी असते. आणखी एक गोष्ट दिसते. मूल सांगतं, ‘मॅम, माझ्या मामाकडे म्हैस व्यायली.’ मॅम म्हणतात, ‘से इट इन इंग्लिश, बेटा.’ मूल विचार करतं आणि म्हणतं, ‘मॅम, बफेलो.’ म्हशीचं काय झालं ते राहूनच जातं. २०२२ मध्ये आलेला पायाभूत स्तराचा राष्ट्रीय आराखडा स्वच्छ सांगतो की या वयात घरची भाषाच माध्यम असावी, शिकणं खेळातून व्हावं आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पाठ्यपुस्तक नसावं. धायरीतल्या कुठल्या फलकावर ‘आमच्याकडे पुस्तक नाही, मराठी चालते’ असं लिहिलेलं मला अजून दिसलेलं नाही. लिहिलं तर प्रवेश येणार नाहीत, हे मालकाला माहीत आहे.

मेंदूचा दाखला मात्र बहुतेक ब्रोशरमध्ये असतो. सहा वर्षांच्या आत मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ होते, हे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही लिहिलं आहे. पण ती वाढ कुणाच्या शाळेत होते असं धोरण म्हणत नाही. ती स्वयंपाकघरातही होते आणि चटईवरही. दाखले द्यायचेच तर पूर्ण द्यावेत. अमेरिकेत मिशिगनमधल्या इप्सिलँटी गावात १९६२ पासून पेरी प्रीस्कूलचा प्रयोग झाला. १२३ मुलं, त्यांतल्या काहींना दर्जेदार बालवाडी, काहींना काहीच नाही. मुलं मोठी झाल्यावरही फरक टिकला, आणि नोबेलविजेते अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांनी त्याचा हिशेब मांडून तो जगभर पोचवला. प्रीस्कूलवाले हाच प्रयोग सांगतात. पण ती मुलं अत्यंत गरीब कृष्णवर्णीय घरांतली होती आणि बालवाडीच्या बाई आठवड्यातून एकदा त्यांच्या घरी जाऊन आईबरोबर बसत असत. दोन इंजिनीअरांच्या घरातल्या, आधीच दिवसभर बडबड ऐकणाऱ्या मुलावर तोच परिणाम होईल असं त्यातून निघत नाही. तसाच दुसरा एक प्रयोग कुणी ब्रोशरमध्ये छापत नाही. नॉर्थ कॅरोलायनातला ॲबेसिडेरियन, १९७२ पासूनचा, १११ बाळांचा. ते चक्क दिवसभराचं पाळणाघर होतं. काही महिन्यांच्या बाळापासून पाच वर्षांपर्यंत, सकाळ ते संध्याकाळ. शिकवणं होतं ते भरवताना, लंगोट बदलताना, मांडीवर घेऊन बोलताना. त्या मुलांचाही तिशीपर्यंत मागोवा घेतला गेला. शिक्षणात आणि तब्येतीतही फरक दिसला.

इंग्लंडमधल्या सुमारे ३,००० मुलांच्या अभ्यासात, १९९७ पासूनच्या, दोन गोष्टी समोर आल्या. अर्धा दिवस बालवाडी आणि पूर्ण दिवस बालवाडी यांच्या फायद्यात फरक पडला नाही. आणि आई-बाप कोण आहेत यापेक्षा ते घरी मुलाबरोबर काय करतात याला जास्त वजन होतं. अमेरिकेत १९९१ पासून हजाराहून जास्त मुलांचा पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासानंही साधारण हेच म्हटलं. सांभाळणाऱ्याचा दर्जा मोजण्याइतका महत्त्वाचा, पण घर त्याहून महत्त्वाचं. त्यात एक बोचरी नोंदही होती: फार लहानपणापासून फार तास घराबाहेर काढलेल्या मुलांत हट्ट-दांडगाई किंचित जास्त. ही नोंद नोकरी करणाऱ्या आईच्या डोक्यावर आपटायला आपल्याकडे फार जण उत्सुक असतात, म्हणून ‘किंचित’ हा शब्द पुन्हा वाचावा.

आपल्या देशातला मोठा अभ्यास दिल्लीचं आंबेडकर विद्यापीठ आणि ‘असर’ यांच्या गटानं केला. २०११ ते २०१६, राजस्थान, आसाम आणि तेलुगू भाषक पट्टा, सुमारे १४,००० मुलं. निष्कर्ष खासगीवाल्यांना आणि सरकारला सारखाच झोंबणारा. पाच वर्षांची मुलं पहिलीसाठी जेवढी तयार असायला हवीत तेवढी ना अंगणवाडीत तयार होत होती, ना खासगी प्रीस्कूलमध्ये. अंगणवाडीत शिकण्याच्या कृती फारशा होत नव्हत्या. खासगीत पहिलीचाच अभ्यास ओढून खाली आणलेला होता. फी भरल्यानं खेळ मिळत नव्हता, गिरवणं मिळत होतं.

खरी गंमत अशी की पाळणाघर आणि बालवाडी यांची फारकत होण्याआधी ती दोन्ही एकाच छपराखाली चालवून दाखवणाऱ्या बायका महाराष्ट्रातच होऊन गेल्या. ताराबाई मोडक १९२० च्या दशकात भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करत होत्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. माँटेसोरी पद्धतीची त्यांना ओढ होती, पण परदेशी साहित्याची किंमत आणि शहरी सुखवस्तू घरांपुरतं तिचं फिरणं त्यांना टोचत होतं. १९४५ मध्ये त्यांनी डहाणू भागातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. तिथे त्यांना येऊन मिळाल्या अनुताई वाघ, आपल्या पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, मग शिकून पुण्याच्या हुजूरपागेत नोकरी. ती सोडून त्या बोर्डीला गेल्या आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत हललं.

तिथे या दोघींना जो अनुभव आला तो धायरीच्या दुपारशी थेट जुळतो. बालवाडीत मुलं यायची नाहीत, आणि शाळेत मुली यायच्या नाहीत, कारण कडेवर धाकटं भावंड असायचं आणि आई मजुरीला गेलेली असायची. त्यांनी मुलींना उपदेश केला नाही. कडेवरचं भावंडच आत घेतलं. विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आली. तान्हं एका कोपऱ्यात, तीन-चार वर्षांचं त्याच्या पलीकडे, मोठी बहीण तिच्या वर्गात, सगळी एकमेकांच्या नजरेत. जी मुलं तरीही आली नाहीत त्यांच्या दारात बाई गेल्या. वस्तीतल्या अंगणात वर्ग भरला, गुरं चारणाऱ्यांसाठी कुरणावर भरला. साहित्य म्हणून शिंपले, बिया, खडे, माती, पानं. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. देशभरात २ ऑक्टोबर १९७५ ला ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी म्हटलं गेलं. अंगणाचं नाव आलं. पाळणाघर मागे राहिलं. अंगणवाडी दिवसाचे काही तास चालते आणि तिची वेळही मजुरीला किंवा नोकरीला जाणाऱ्या आईच्या वेळेशी जुळत नाही.

धायरीच्या सोसायट्यांमधल्या बोलण्यात अंगणवाडीचं नाव निघत नाही. ती ‘त्यांच्यासाठी’ असते: इमारतीवर काम करणाऱ्यांसाठी, घरकामाच्या मावशींच्या नातवंडांसाठी. पण ज्या मावशी सकाळी आपल्या घरी येऊन पोळ्या करतात त्यांचं मूल त्या वेळी कुठे असतं, हाही याच विषयाचा भाग आहे. बांधकामावरच्या मुलांसाठी १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत मोबाइल क्रेशेस सुरू केलं; पुण्यात तेच काम तारा मोबाइल क्रेशेस करते. बिल्डरच्या जागेवर पत्र्याच्या खोलीत पाळणाघर, बालवाडी, जेवण, वजन-उंचीची नोंद, सगळं एकत्र आणि पूर्ण दिवस. लाखभर रुपये भरणाऱ्याच्या मुलाला जे एका ठिकाणी मिळत नाही ते या खोलीत मिळतं.

कायद्यानंही बाळाचे असेच तुकडे केले आहेत. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो ६ ते १४ वर्षांचा. सहाच्या आतलं मूल त्याच्या उंबऱ्याबाहेर. यशपाल समितीनं १९९३ मध्येच सांगितलं होतं की नर्सरीच्या चाचण्या-मुलाखती बंद करा आणि वाटेल तशा नर्सरी निघू देऊ नका. राज्यानं १९९६ मध्ये पूर्वप्राथमिक केंद्रांतल्या प्रवेशांसाठी कायदा केला, पण त्याचा धाक कुणाला वाटल्याचं आठवत नाही. मग २०२५ मध्ये शालेय शिक्षण विभागानं खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना पोर्टलवर नोंदणी करायला सांगितलं. राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या प्ले-स्कूलसाठीच्या सूचनांत २० मुलांमागे एक शिक्षक आणि एक मदतनीस, तीनच्या आत प्रवेश नाही आणि रोजचे तास तीन ते चार. म्हणजे नियम पाळणारं प्ले-स्कूल दीड वर्षाच्या बाळाला घेऊच शकत नाही आणि संध्याकाळपर्यंत ठेवूही शकत नाही. ते काम पाळणाघरानं करायचं. आणि पाळणाघर कुणाचं? शिक्षण खात्याचं नाही, कारण ते शिकवत नाही. कामगार खात्याचं तेवढंच, जेवढं कारखान्यात किंवा कंपनीत आहे.

कंपनीतल्या पाळणाघराचीही हकिकत ऐकण्यासारखी आहे. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली, रजा २६ आठवडे झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय सक्तीची झाली. आईला दिवसातून ४ वेळा बाळाकडे जाता येईल अशी. कागदावर झकास. पण धायरीहून हिंजवडीला कंपनीच्या पाळणाघरात बाळ न्यायचं म्हणजे बायपासवरून जाऊन-येऊन दोन-तीन तास त्याला गाडीत घेऊन फिरायचं. दुचाकीवर तर विचारच नको. कंपन्या पाळणाघर ऑफिसजवळ बघतात, आईला ते घराजवळ हवं असतं. आणि कायद्यात बाबा नाहीतच.

मग सुरक्षिततेचं काय? नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात सांभाळणाऱ्या बाईनं दहा महिन्यांच्या बाळाला मारल्याचं सीसीटीव्हीत दिसलं आणि महाराष्ट्र हादरला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्या मुलींवरच्या अत्याचाराची घटना उघडकीला आली आणि लोक रुळांवर उतरले. एक पाळणाघर होतं, एक शाळा. फीच्या आकड्यानं सुरक्षितता मोजता येत नाही, हे दोन्हीकडून सारखंच दिसलं. त्यानंतर कॅमेरे वाढले, ते बरंच झालं. पण आईच्या फोनवर दिवसभर लाइव्ह फीड असण्यातून एक वेगळाच खेळ सुरू झाला आहे. मूल दहा मिनिटं कोपऱ्यात एकटं बसलं की मीटिंगमधून फोन येतो. मग मावशी मुलाला कोपऱ्यातून उचलून कॅमेऱ्यासमोर आणून बसवतात. त्याला कोपऱ्यातच मुंग्या बघायच्या होत्या.

प्रीस्कूलचं एक आकर्षण मात्र या सगळ्याच्या पलीकडचं आहे आणि पालक ते उघड बोलत नाहीत. पुढच्या मोठ्या शाळेचा प्रवेश. राज्यात पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे कायद्यानं कुणाचं काही अडत नाही. पण अनेक खासगी शाळा नर्सरीपासूनच भरतात, आणि पहिलीला जागा उरत नाहीत ही भीती खरी आहे. ज्यांना त्या शाळेत जायचंच आहे त्यांनी नर्सरीचा तो पैसा प्रवेशाचा पैसा म्हणून भरावा. निदान स्वतःशी तरी त्याला बालशिक्षण म्हणू नये. उलट ज्यांना पहिलीलाच शाळा बघायची आहे त्यांना लाखाच्या प्लेग्रुपची घाई करायचं कारण मला सापडलेलं नाही. अडीच वर्षांच्या मुलासाठी मी आधी माणूस बघेन: टिकलेल्या काकू, मुलांचा आकडा न लपवणाऱ्या, टीव्ही बंद ठेवणाऱ्या, दुपारी अचानक गेलं तरी दार उघडणाऱ्या. सहा-आठ मुलांमागे एक हात. दोन दारं किंवा तळमजला. बाहेर पाय ठेवायला थोडी माती.

आणि वाचलेल्या पैशांचं काय करायचं, यावर धायरीच्या एखाद्या सोसायटीनं विचार करायला हरकत नाही. दीडशे-दोनशे फ्लॅटच्या सोसायटीत पाळणाघरात जाणारी पंधरा मुलं सहज निघतील. पंधरा घरांनी महिन्याला जास्तीचे दोन-दोन हजार काढले तर तीस हजार होतात. त्यात बालवाडीचं प्रशिक्षण घेतलेल्या ताई सकाळी अडीच-तीन तास येतील आणि काकूंना आणखी एक मावशी ठेवता येतील. मुलांना व्हॅनमध्ये बसून दुसऱ्या दारात उतरायला नको, साहित्य हवं तर शिंपले-बियांपासून सुरुवात होईल, आणि प्रत्येक घराचा खर्च प्रीस्कूल अधिक पाळणाघर अधिक व्हॅन यापेक्षा कमीच राहील. जागाही आहे. क्लबहाउस सकाळी रिकामंच असतं. अर्ज कमिटीकडे द्यावा लागेल. सेक्रेटरी निवासी जागेत व्यवसाय चालतो का हे विचारतील, लहान मुलांचा गोंगाट होईल म्हणून ज्येष्ठ नागरिकांपैकी दोघे हरकत घेतील आणि उरलेले नातवंडांचं नाव आधीच लिहून ठेवतील. वार्षिक सभेत विषय येईल तो बहुधा पार्किंगच्या नंतर.